ह्यांची हत्यारं मला नकोत

माणसाच्या अंगावर सगळ्यात घाणेरडी वस्तू कुठली असेल, तर ती मनगटावरचं घड्याळ. चप्पलसुद्धा कधीतरी धुतली जाते. घड्याळ कोणी धुवत नाही. घाम, साबण, मेलेली कातडी, नाक पुसलेला हात, सगळं पट्ट्याच्या आणि झाकणाच्या फटीत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं मुरतं. मग एक दिवस महाशय दुकानात येतात, माझ्या स्वच्छ कापडावर ते ठेवतात आणि म्हणतात, बघा हो, जरा मागे पडतंय. तुमच्या अंगाचा मळ खाऊन ते अजून चालतंय हेच नवल! मी लाकडी काडीनं तो काळा गोळा उकरून काढतो आणि मुद्दाम गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतो. माझ्या तोंडात दिवसभर 'घाण' हा एकच शब्द असतो असं माझी बायको म्हणते. आता घाणीला घाण नाही तर काय अत्तर म्हणायचं?

दादा तसं करत नसे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं दुकान जिन्याखालचं, दोन माणसं पाठीला पाठ लावून बसली की संपलं. त्याची खुर्ची रस्त्याकडे, माझी भिंतीकडे. तो मळ काढायचा, कागदाच्या पुडीत बांधायचा आणि गुपचूप टाकून द्यायचा. गिऱ्हाइकाला लाज वाटते रे, म्हणायचा. वाटू दे की, मी म्हणायचो. पण हाताला त्याच्या नाव होतं. मी तिथंच रिकामा बसलेला असलो तरी लोक म्हणायचे, दादांनाच दाखवायचंय, आम्ही थांबतो. थांबायचे मेले, माझ्या डोक्यावर उभे राहून.

तो दादा गेला. साधा ताप आला आणि आठवड्याच्या आत होत्याचं नव्हतं झालं. त्याची खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्यावर डोळा ठेवून बाजूचा मोबाइलच्या कव्हरांचा धंदा करणारा रोज सकाळी यायला लागला. अर्धं दुकान मला द्या म्हणे. दारात गुलाबी, चमचमती, सशाचे कान असलेली कव्हरं टांगणार. घड्याळाच्या दुकानात ससे! पण मला एकट्याला ते दुकान झेपत नव्हतं हेही खरं, म्हणून मी नाही म्हणत नव्हतो आणि हो पण म्हणत नव्हतो.

अशात एक दिवस वहिनी आली. दादाची बायको. पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर एका शिंप्याकडे काजं-बटणं केलेली. घरी ती आणि लग्नाची मुलगी, दुसरं कोणी कमावणारं नाही. शिंप्यानं काजाचं मशीन आणलं आणि हिला घरी बसवलं होतं. पिशवी मांडीवर घेऊन ती दादाच्या खुर्चीत न बसता बाहेरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, ही खुर्ची कव्हरवाल्याला देऊ नका, मला काम शिकवा.

मी हसलो. चांगलं खो खो हसलो. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आपोआप थांबलं. नाही म्हणायची पंचाईत, कारण आमच्या आईचं शेवटचं सगळं हिनं केलेलं. म्हटलं, सरळ नाही म्हणण्यापेक्षा हिला घाणीला लावू. चार दिवसांत नाकाला पदर लावून पळेल आणि आपल्याला वाईटपणा नको.

कसलं काय! मी शोधून शोधून तिला नमुने दिले. एका खाटकाचं घड्याळ दिलं. एका बाईचं दिलं, तिनं ते बारा महिने तेरा काळ काढलंच नव्हतं आणि पट्ट्याखाली पांढरी बुरशी धरली होती. मला स्वतःला शिसारी आली. वहिनी काडी घेऊन शांतपणे कोरत बसली. मी विचारलं, काहीच वाटत नाही का तुम्हाला? तिनं मान वर न करता सांगितलं, "सासूबाईंचं सगळं काढलंय मी, भाऊजी. हे तर नुसतं मनगटाचं आहे." माझी आई होती ती. मी भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या आठवड्यात बाईसाहेब नवी कोरी पेटी घेऊन हजर. चेन लावलेली, आत मखमल, आणि मखमलीत ही एवढी हत्यारं. बाजारात कुणा भामट्यानं गळ्यात मारली होती. मी एकेक काढून दाखवत गेलो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत गेला. स्क्रू ड्रायव्हरचं पातं एवढं मऊ, की स्क्रूच्या खाचेत घालून फिरवलं की पातंच पिळायचं. चिमट्याची टोकं एकमेकांना भेटायलाच तयार नाहीत, आणि वर त्याच्यात चुंबक शिरलेलं. चुंबकाचा चिमटा घड्याळात घातला की स्प्रिंग वेड्यासारखी चिकटते आणि घड्याळ पळत सुटतं. डोळ्याला लावायचं भिंग इतकं जाड, की बघायला गेलं तर नाक तेलात बुडेल. नवशिक्या माणसाला वाटतं, जास्त मोठं दिसलं म्हणजे जास्त चांगलं. मी तिला म्हटलं, ही पेटी घरी न्या, मखमल चांगली आहे, तिच्यात बांगड्या ठेवा.

ती रागावली नाही. विचारलं, मग कुठली घ्यायची? आणि इथं मी माझ्या स्वभावाविरुद्ध एक चांगलं काम करायला गेलो. दादाचा हत्यारांचा ट्रे मी तो गेल्यापासून कापडात गुंडाळून ठेवला होता. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या हत्याराला कोणी हात लावत नाही. पातं ज्याचं त्यानं आपल्या हाताला, आपल्या दाबाला बघून दगडावर घासलेलं असतं. बाप मुलाला देत नाही. पण मी तो ट्रे काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

वहिनीनं भिंग लावलं. एकेक स्क्रू ड्रायव्हर उजेडात धरून पाहिला. चिमटे पाहिले. खूप वेळ पाहिले. मग सगळे होते तसे ठेवले, कापड गुंडाळलं आणि ट्रे माझ्याकडे सरकवला.

"ह्यांची हत्यारं मला नकोत," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कालपर्यंत मखमलीची पेटी मिरवणारी बाई, आणि दादाची हत्यारं हिला नकोत! विचारलं का, तर म्हणे हाताला बसत नाहीत. हातात धरली कुठे होतीस बाई नीट? मी तो दिवसभर तिच्याशी बोललो नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं, वहिनीला माणसाची किंमत नाही.

तिनं मग हत्यारं एकेक करून जमवली. घाऊक दुकानातला म्हातारा कंटाळला तिला. चिमटा घेताना ती काउंटरवर स्वतःचा केस टाकायची आणि तो उचलून बघायची, ही युक्ती माझीच. स्क्रू ड्रायव्हर साधे, बिनचमकीचे घेतले आणि पाती घासायला बसली. पातं खाचेपेक्षा अरुंद असलं की निसटतं आणि खाच कुरतडतं. रुंद असलं की बाजूच्या पत्र्याला ओरखडा. जाडी अशी हवी, की पातं खाचेत बसल्यावर गप बसलं पाहिजे, हलता कामा नये. पहिलं पातं तिनं घासून घासून सुईसारखं केलं आणि फुकट घालवलं. दुसरं तिरकं. दगडावरचं ते काळं पाणी तिच्या नखांत जाऊन बसायचं आणि त्याच हातानं ती कपाळ पुसायची. शी! बघवत नसे. पण काजं करणारा हात होता, टाक्याचं अंतर डोळ्यात बसलेलं. पाती जमली. मी तोंडानं म्हटलं नाही, तो भाग वेगळा.

कव्हरवाला मात्र टोकत होता. शेवटी मी वहिनीला सांगितलं, एक घड्याळ देतो. पूर्ण उघडायचं, धुवायचं, तेल घालायचं, परत जोडायचं. काम स्वच्छ झालं तर खुर्ची तुमची, नाहीतर ह्या सशाच्या कानवाल्याची. तिनं मान हलवली. मी फळीवरून पोस्टमनचं दुरुस्तीला आलेलं घड्याळ उचललं आणि दिलं. आधी उघडून बघितलं नाही. कशाला बघू? मागच्या वर्षी दादानंच केलेलं होतं. आम्ही कारागीर लोक झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण कोरतो, खाली महिना आणि वर्ष. दादाची खूण म्हणजे माशाचा गळ. ती खूण असलेलं घड्याळ मी कधीच तपासत नसे. ते काम झालेलंच असायचं.

तिनं ते परत आणून माझ्यासमोर ठेवलं तेव्हा ते छान चालत होतं. मी झाकण काढलं, भिंग लावलं. आत सगळं लखलखीत. आणि मधोमध दोन स्क्रू, त्यांच्या खाचा उंदरानं कुरतडाव्यात तशा कुरतडलेल्या. कडा उसवलेल्या, शेजारच्या पत्र्यावर पातं निसटल्याचा लांब ओरखडा.

आता मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. शी म्हणालो, घाण म्हणालो, हा हात आहे का कुदळ, म्हणालो. आणि शेवटी जे म्हणालो ते असं, की दादाच्या कामाची तुम्ही माती केलीत, तो असता तर त्याला ह्या हाताची किळस आली असती.

वहिनीनं एकदा घड्याळाकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. "चुकलं माझं," म्हणाली. हात पुसले, कापडाची घडी घातली, हत्यारं तिथंच ठेवली आणि निघून गेली. मी कव्हरवाल्याला हाक मारून सांगितलं, सोमवारी या सामान घेऊन. त्याला इतका आनंद झाला की त्यानं मला एक कव्हर फुकट दिलं. सशाचंच.

शनिवारी बेकरीवाला आला. ह्याचं घड्याळ म्हणजे माझ्या आयुष्यातला मोठा छळ. पीठ, तूप आणि घाम ह्यांची खळ होऊन फटीत वाळलेली असते, वास वेगळाच. बंद पडलं होतं. दादा गेल्यापासून ते कोणी उघडलेलं नाही, असं त्यानं आपणहून सांगितलं आणि दादाच्या आठवणी काढून गेला. मी नाक दाबून खळ खरवडली आणि झाकण उघडलं. आत माशाचा गळ. खाली मागच्या वर्षाचा महिना. आणि आत, मधोमध, कुरतडलेल्या खाचा.

मी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. एक स्क्रू तर धड घट्टसुद्धा केलेला नव्हता. खाचच उरली नव्हती तर घट्ट होणार कसा? तोच सुटून चाकात अडकला होता. हे घड्याळ वहिनीनं बघितलेलंही नव्हतं.

फळीवर दादानं शेवटच्या वर्षात केलेली आणखी घड्याळं होती, लोकांनी न्यायचीच राहिलेली. एकेक उघडत गेलो. माशाचा गळ आणि कुरतडलेल्या खाचा. माशाचा गळ आणि ओरखडे. एकात तर काटा डिंकानं चिकटवलेला. डिंकानं! कुठल्या फुटपाथवरच्या माणसानं केलं असतं तर मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं. ह्या खेपेला मळ कुणाच्याच मनगटाचा नव्हता.

मग मी ट्रे काढला. कापड सोडलं आणि दादाचे स्क्रू ड्रायव्हर भिंगाखाली धरले. वहिनीनं धरले होते तसेच. पात्यांचे कोपरे उडालेले, धारा गोल झालेल्या, एक मधूनच पिळलेलं. कित्येक महिने त्यांना दगड लागलेला नव्हता. लागणार कसा? पातं बोथट झालंय हे ज्याला दिसतं तो घासतो. दादाला दिसत नव्हतं. शेवटच्या वर्षात तो सारखा म्हणायचा, बल्ब मंद झालाय रे. मी बल्ब बदलायचो. तो परत तेच म्हणायचा. आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलेला, पाठीला पाठ.

संध्याकाळी वहिनीकडे गेलो. ती खिडकीशी बसून कुणाच्या तरी परकराला टीप घालत होती. मुलीला तिनं आत पाठवलं. मी बसलोसुद्धा नाही. दारातूनच विचारलं, पोस्टमनच्या घड्याळाचे स्क्रू आधीच तसे होते ना? तिनं मान खाली घातली. मग चुकलं माझं असं का म्हणालात? खुर्ची गेली असती, कळत नव्हतं का तुम्हाला?

तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"कळत होतं. पण तुम्हाला दिसेल ते घाण, असं तुमचं आहे, भाऊजी. सगळ्या गावाच्या कामाला तुम्ही घाण म्हणता. माझ्या कामाला म्हणालात तर काही नाही, मी शिकतेय. ह्यांच्या कामाला म्हणालेलं मला ऐकायचं नव्हतं."

मग तिनं सांगितलं, की दादाला शेवटी शेवटी पानातलं नीट दिसत नसे, तो चमच्यानं चाचपून जेवायचा आणि कुणाला सांगू नकोस म्हणायचा. भाऊला तर नकोच, म्हणायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं की उद्या. मला खूप काही बोलायचं होतं. बाहेर आलं एवढंच, की सोमवारी लवकर या, बेकरीवाल्याचं घड्याळ तुम्हाला करायचंय, आणि येताना नखं काढून या.

सोमवारी कव्हरवाला हातगाडी भरून आला आणि हातगाडी भरूनच परत गेला. जाताना त्यानं माझ्या घराण्याचा उद्धार केला. त्याचं फुकटचं कव्हर मी त्याच्या गाडीवर फेकलं तेव्हा मला फार दिवसांनी बरं वाटलं.

वहिनीनं बेकरीवाल्याचं घड्याळ केलं. कुरतडलेले स्क्रू काढून दुसरे घातले, ओरखड्याला काही करता येत नाही, तो राहिला. मी म्हटलं, आत तुमची खूण करा. तिनं सुई घेतली आणि माशाच्या गळाच्या खाली एक छोटं काज कोरलं. गळाला धक्का लावला नाही. बेकरीवाला घ्यायला आला, घड्याळ कानाला लावून ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाला, "काही म्हणा, दादांचा हात तो दादांचा हात. त्यांनी केलं होतं म्हणून इतके दिवस चाललं."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. शब्द माझ्या जिभेवर होता, आयुष्यभर असतो तसा.

"हो," मी म्हणालो. "हात होता त्याचा."

त्यानंतर मला झोप लागेना. दादा माझ्यापेक्षा असा किती मोठा होता? एका आईचे डोळे. एक दिवस दुकान बंद करताना मी माझा स्क्रू ड्रायव्हरचा स्टँड वहिनीसमोर ठेवला. सहज म्हणून म्हटलं, जरा माझी पाती पण बघा. तिला समजलं. भिंग लावून तिनं एकेक पातं उजेडात फिरवून पाहिलं, दादाची पाहिली होती तेवढाच वेळ लावून.

"ठीक आहेत," म्हणाली आणि पिशवी उचलून घरी गेली.

मीही मग निर्धास्तपणे घरी गेलो, पोटभर जेवलो. सकाळी येऊन बघतो तर वहिनी माझ्या आधी येऊन बसलेली, पाठ माझ्याकडे, कामात डोकं. तिच्या शेजारचा दगड ओला होता. मी स्टँडमधला पिवळ्या टोपीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं पातं ताजं घासलेलं होतं, कोपरे काटकोनात. मग लाल टोपीचा काढला. तोही. मग बाकीचे काढून बघितले नाहीत.

आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या हत्याराला कोणी हात लावत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, बल्ब थोडा खाली ओढला आणि समोरचं घड्याळ उघडलं. आत नेहमीसारखीच घाण होती.